लंगडून दाखव

“हिला नक्की झालंय काय?”

डॉक्टरांनी हे मला नाय, सरांना विचारलं. मी समोरच उभी होते. आखूड चड्डीत, अनवाणी. पेणच्या त्या सभागृहात खेळाडू, पालक, चहा देणारे, सगळे बघत होते. आडोशाला पडदाही नव्हता.

सर म्हणाले, जन्मापासून उजवी बाजू आखडलेली आहे, चारशे मीटर धावते. डॉक्टर खुर्चीतून उठले नाहीत. बोटानेच खूण केली, चाल. मी भिंतीपर्यंत गेले, परत आले.

“ही तर मजेत चालते. आमच्या कामवालीचे पाय हिच्यापेक्षा वाकडे आहेत.”

हसले सगळे. माझंही तोंड हसल्यासारखं झालं.

अपंगांच्या स्पर्धेत सगळ्यांना एकत्र पळवत नाहीत. आंधळ्यांचा वर्ग वेगळा, हात नसलेल्यांचा वेगळा, माझ्यासारख्या, मेंदूमुळे अंग आखडलेल्यांचा वेगळा. त्यातही कमीजास्त. कोण कुठल्या वर्गात, हे तपासून ठरवतात. वर्ग मिळाला तर तुम्ही खेळाडू. नाय मिळाला तर घरी जा.

मजेत चालणं. माझी आई पेणच्या खाडीत मिठागरावर राबली. मी तिच्या मागून बांधावर चालायची. तोल गेला की खारट चिखलात. वस्तीत माझं नावच लंगडी. पोरं माझ्या मागे रांगेने लंगडत यायची. आई म्हणायची, “सरल चाल गो. कोनाला कलाला नको.” मग टाच टेकवायची, गुडघा आत वळू द्यायचा नाय. रडत रडत शिकले. लपवायला शिकले, असं म्हणा.

तरी दमल्यावर पाय लपत नाय. शेवटच्या वळणावर तो लाकडासारखा होतो, बोटं जमिनीला घासतात. पण मला पळताना बघायला त्या तपासणाऱ्यांतलं कोणी मैदानावर आलंच नाय.

सरांनी मला बाजूला घेतलं. सर रोह्याच्या शाळेत खेळ शिकवतात. मी तिथल्याच एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासते. शिफ्ट सुटली की ते मला शेजारच्या अष्टमी गावच्या मैदानात पळवायचे. माणूस वाईट नाय. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “लंगडून दाखव. जरा जास्त. सगळेच करतात.”

डॉक्टरांनी पुन्हा चालायला सांगितलं.

पाय वाकडा टाकणं मला काय कठीण? तो आपला आपण वाकडा पडायला बघतो. पण मला ती रांगेने येणारी पोरं दिसली. आता त्यांच्यासारखी माझी नक्कल मीच करायची होती. या लोकांना पटावं म्हणून.

मी नेहमीसारखीच चालले. परत येऊन डॉक्टरांपुढे उभी राहिले. मी म्हणाले, “मी अशीच चालते. पाय हातात घेऊन तपासा.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. मग सरांना म्हणाले, “हिला जरा बोलायची रीत शिकवा.” आणि पुढचं नाव पुकारलं. पायाला हात लावलाच नाय.

मी अपात्र.

रोह्याला परत येताना सर एवढंच बोलले, की तुझ्या माजाने दोघांचं वाटोळं केलं. दुसऱ्या दिवसापासून ते मैदानात आले नाहीत.

मग मी धडधाकट पोरींच्या स्पर्धेत उतरले. दुसरीकडे जागाच नव्हती. शेवटच्या वळणावर पाय आखडला. पोरी पुढे निघून गेल्या. मी तोंडावर पडले, गुडघा फुटला. दोरीपलीकडून एक बाई म्हणाली, अपंगांची वेगळी स्पर्धा असते ना, तिकडे का नाय जात ही?

तिला काय सांगू?

आई म्हणते, आता पुरे, घरी बस. चुकीचं बोलत नाय ती. वय निघून चाललंय. पाय दिवसेंदिवस जड होतोय. वर्ग ठरवणारं शिबिर परत लागणार आहे. मी एकटी जाणार आहे. वर्ग मिळेल असं मला वाटत नाय. खुर्चीत तेच डॉक्टर असतील, नायतर त्यांच्यासारखे दुसरे.

मी लंगडून दाखवणार नाय. सरळ चालून लपवणारही नाय. पडदा लावा म्हणेन. जे विचारायचं ते मला विचारा म्हणेन. तपासायच्या टेबलावर आडवी होईन, आणि माझ्या पायाला हात लागेपर्यंत तिथून उठणार नाय. ओढून बाहेर काढायचं तर काढा.