मायचं पोट

माय विधवा झाली त्याला दीड वर्ष झालं होतं, तेव्हा आसेगावात तिच्या पोटाचे महिने मोजायला सुरुवात झाली. मी तिची थोरली लेक, कामरगावला दिलेली. मला हे सासरच्या विहिरीवर कळलं. सांगणारीने तोंडाला पदर लावून विचारलं, "तुह्या मायले कितवा लागला वं?" तिच्या डोक्यावरची घागर पाडावीशी वाटली. पाडली नाही, याचं आजही वाईट वाटतं.

पोट मोठं होतं हे खरं. आठ बाळंतपणं झाली होती. दर वेळी सुईण जुन्या लुगड्याच्या पट्टीने सव्वा महिना पोट आवळून बांधायची. शेवटच्या खेपेला कापूस फुटलेला, हाताखाली माणूस नाही, म्हणून माय बाराव्या दिवशीच पट्टी सोडून वेचणीला गेली. तेव्हापासून पोट सुटलं ते सुटलंच. बेंबीपाशी फुगा यायचा. सकाळी कमी असायचा, दिवस कलेपर्यंत लुगड्याच्या निऱ्या पुढे ढकलायचा. बाबा होते तोवर त्याकडे कुणी पाहिलं नाही. ते गेले आणि तेच पोट सगळ्या गावाला दिसायला लागलं.

आमच्या घराण्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावत नसत. काकूने मायला चुलीपासून दूर केलं, आणि काकांनी सांगून टाकलं की खरं निघालं तर घराचा उंबरठा बंद.

मी तडक माहेरी आले. मी जन्माची तोंडाळ, त्यात उतावळी. मायला म्हटलं, "चाल अकोल्याले. मोठ्या दवाखान्यात दाखू."

"राहू दे ना बाई," ती म्हणाली. "नऊ मईने होऊन गेले का लोकायलेच समजन."

गावाच्या हिशेबाने तेव्हा सातवा चालू होता. आणखी दोन महिने ऐकत बसायचं? मी तिचं काही एक ऐकलं नाही.

मंगरूळपर्यंत बैलगाडी, पुढे नवीनच सुरू झालेली मोटार. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. आतलं मांस मधोमध फाटलंय, तिथून आतडं पुढे येतं. ते शिवू आणि वर लोंबणारी कातडी कापून टाकू, म्हणाल्या. पुढे काय काय होईल तेही सांगितलं. भूल उतरली की ओकारी येईल, खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायची, तीन आठवडे पाठीवर पडून राहायचं, सरळ उभं राहायला वेळ लागेल, सहा महिने घागर उचलायची नाही, पट्टा सोडायचा नाही. मी सगळं पाठ केलं. तसंच झालं. जखम नीट भरली. महिन्याने माय कमरेत वाकून बाहेर आली आणि मोटारीत बसल्यावर सपाट पोटावरून हात फिरवून हसली. "पोरगी होती तवा असं होतं," म्हणाली. त्यानंतर ती तशी हसलेली मला आठवत नाही.

गावाच्या वेशीतच बायका थबकल्या. आम्ही अंगणात पोचलो तर काकू मायला वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

"पोट तं गेलं," ती म्हणाली. "पन गेलं कुठी?"

मी भांडले. दवाखान्याची चिठ्ठी नाचवली. ती इंग्रजीत होती. शाळेच्या मास्तरांनी वाचून सांगितलं, पोटाचं ऑपरेशन झालं असं लिहिलं आहे. एवढं तर गावाने आधीच ठरवलं होतं. मी मायला म्हटलं, बायांना टाके दाखव.

"टाके पाहून कोनाले काय समजन?" ती म्हणाली.

खरंच होतं. आम्ही मुकाट बसलो असतो तर दोन महिन्यांत गावाची तोंडं आपोआप बंद झाली असती. मूल झालं नसतं आणि पोट तसंच राहिलं असतं. तोच तिचा एक साक्षीदार होता, आणि तो मी कापायला लावला.

काकांनी तिला गोठ्याशेजारची खोली दिली. मी सासरी गेले. दिवाळीला आले तर मायचं पोट पुन्हा होतं तसं. तिने दार लोटून लुगडं सोडलं. पट्ट्यावर जुन्या गोधडीच्या घड्या बांधलेल्या होत्या.

"सकायी दोन, दिवस कलला का आनखी एक," ती म्हणाली. "पयले होतं तसंच. आता वरीस जाऊ दे. काहीच होत नाही म्हनल्यावर समजन त्यायले, हे पोटच असं आहे म्हनून."

वर्ष गेलं. गावाने नव्याने सातवा मोजला, नववा मोजला, मग कंटाळून सोडून दिलं. पण तिच्या हातचं पाणी कुणी घेतलं नाही. आणि घड्या काढायचीही सोय उरली नाही. काढल्या असत्या तर पोट पुन्हा कुठे गेलं ते सांगावं लागलं असतं. उन्हाळ्यात त्यांच्याखाली घामोळं उठायचं, जखमेची रेघ चिघळायची. मी म्हणायचे, सोड आता. ती म्हणायची, "तू नको सांगू." बरोबरच होतं तिचं.

ती गेली तेव्हा पन्नाशीचीही नव्हती. शेवटची आंघोळ घालायला मी आणि काकू होतो. काकूने लुगडं फेडलं आणि घड्या सुटून खाली पडल्या. सपाट पोट, मधोमध ती रेघ. काकूचा हात तिथेच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं.

बाहेर सगळा गाव येऊन बसला होता. दिवस कलला होता. मी तिन्ही घड्या उचलल्या.

"धर," मी काकूला म्हटलं. "मायच्या पोटावर बांधू लाग मले."