पाटोद्याच्या बाजारात दिलेला हात

पाटोद्याच्या बाजारात मी एका अनोळखी माणसाशी हस्तांदोलन केले आणि त्यामुळे माझ्या सासुरवाडीला गाडीभर सीताफळे आली. घटना एवढीच आहे. तपशील सांगण्याचा मला आता कंटाळा येतो. पण पाहुणे विचारतातच, आणि मी सांगितले नाही तर बायको सांगते. तिच्या सांगण्यात मी अधिक मूर्ख ठरतो. म्हणून मीच सांगतो.

मी तेव्हा नगरच्या एका साप्ताहिकात बातम्या लिहीत असे. नगर इंग्रजांच्या राज्यात, पाटोदा निजामाच्या, म्हणजे मोगलाईत; मध्ये आष्टीकडचा नाका आणि बैलगाडीत बसणाऱ्याची हाडे मोजून घेणारा रस्ता. लग्न झाले होते, पण बायको, सरू, अजून पाटोद्याला माहेरीच होती. जावयाला घरदार, बाजारहाट जमतो अशी खात्री पटल्याशिवाय मुलगी नांदायला पाठवायची नाही, असा माझ्या सासऱ्यांचा (त्यांना मी मामा म्हणे, घरचे आणि गावचे आबा) बेत होता. पहिल्या दिवाळसणाला मी गेलो, तेव्हा ते म्हणाले,

“जावईबापू, उद्या बाजार हाय. माळवं तुमीच आणा. बघू तरी, पेपरात लिवणाऱ्याला वांगं वळखू येतं का!”

सरूने मला स्वयंपाकघराच्या दारातून बजावले, “आवो, नीट बघून घ्या. आबा बोलत न्हाईत, पर समदं बघत्यात. औंदा त्यांच्या मनात भरला न्हाईत, तर मला अजून वरीसभर हितंच ऱ्हावं लागंल.”

“भाजी आणायची आहे. किल्ला जिंकायचा नाही,” मी म्हणालो. (पुढचे पाहता किल्ला सोपा गेला असता.)

बाजार चिंचेच्या झाडांखाली भरला होता. एका अंगाला ज्वारीच्या राशी, मग गूळ, मग लाल मिरच्या. मिरच्यांपाशी आलेला प्रत्येक जण शिंकून पुढे जात होता. “मी बैलाला वेसण बघतो. तुमी करा सावकास,” असे म्हणून मामा गर्दीत शिरले. वांगी माझ्या समोरच होती. चांगली होती. तेवढी घेऊन मी परत फिरलो असतो, तर माझे आयुष्य बरेच सुखाचे झाले असते. पण परमुलखात आलेल्या बातमीदाराला वांगी दिसत नाहीत, रीतीभाती दिसतात!

फळांच्या गाड्या उभ्या होत्या तिथे दोन माणसे एका रुमालाखाली हात धरून उभी होती. दोघेही बोलत नव्हते. एक आभाळाकडे बघत होता, दुसरा बैलाकडे. थोड्या वेळाने त्यांनी समाधानाने हात सोडले आणि एक जण निघून गेला. ही इकडची नमस्काराची पद्धत असावी, असा निष्कर्ष मी काढला. आमचे संपादक मुंबईहून हस्तांदोलन शिकून आले होते आणि कचेरीत सर्वांना ते करायला लावत. तीच सुधारणा मोगलाईत रुमालासकट पोचलेली पाहून मला बरे वाटले.

राहिलेला रुमालवाला माझ्याकडे वळला. दाढी पांढरी, नजर तेज. हे कासमभाई, फळांचे दलाल, हे मला नंतर कळले.

“नगरहून आले काय साहेब?” त्यांनी माझा कोट निरखत विचारले.

“हो.”

“माल बघितला? बालाघाटाचा हाय. डोळा बघा कसा उघडलाय.” त्यांनी शेजारच्या गाडीतले एक सीताफळ माझ्या हातावर ठेवले.

“फारच सुंदर आहे.”

“मंग द्या हात.”

मी आनंदाने दिला. रुमालाखाली त्यांनी माझे एक बोट दाबले, मग दुसरे. (म्हाताऱ्या माणसांची बोटे चाळा करतात, असे मला वाटले.) मी त्यांचा अख्खा पंजा पकडला आणि दाबून हलवला. ढिला हात देणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, असे आमचे संपादक म्हणत.

कासमभाई दचकले. गाडीवाला उभा राहिला.

“एकदम कबूल? घासाघीस कायबी न्हाई?”

“आपल्यात कसली घासाघीस!” मी म्हणालो आणि स्नेह पटावा म्हणून पुन्हा हलवला.

“सगळीच?”

सगळीच म्हणजे काय, हे विचारायला हवे होते. मी विचारले नाही. मी हसलो.

“लई दिलदार हाय बे हा मानूस!” मागून कोणीतरी म्हणाले.

गाडीवाल्याने बैल जुंपले. “मालक, कुठं न्यायची?”

“काय?”

“गाडी!”

तेवढ्यात मामा वेसण घेऊन आले. त्यांनी गाडी पाहिली, कासमभाईंना पाहिले, माझ्या हातातले सीताफळ पाहिले. मला वाटले, आता सुटलो.

“हात दिला?” त्यांनी विचारले.

“दिला, पण तो मी नुसता...”

“रुमालाखाली?”

“हो, पण मामा...”

“हितं रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, जावईबापू. पंजा धरला म्हंजी मागितला त्यो भाव कबूल.” त्यांनी वेसण खांद्यावर टाकली. “तुमी निस्ता धरला का हालिवला पन?”

“हलवला.”

मामांनी डोळे मिटले. कासमभाई ओशाळून म्हणाले, “आबा, तुमचे जावई हायेत ठाऊक नव्हतं. ऱ्हाऊ द्या. मोडू सौदा.”

“न्हाई,” मामा म्हणाले. “दिवाळसणाचा जावई. त्यानं हात दिला म्हंजी मी दिला. हाक रं गाडी!”

भाव काय ठरला होता, हे मी तेव्हा विचारले नाही. अजूनही विचारलेले नाही.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी गाडीकडे शांतपणे पाहिले आणि एवढेच विचारले, “आन् माळवं?”

त्या दिवशी दिवाळसणाचे जेवण पिठले, भाकरी आणि सीताफळ असे झाले.

सीताफळ हाताने आणले तर फळ असते. गाडीने आणले की संकट होते. ते दगडासारखे कडक असते आणि मग सगळे एकदम पिकते. खाटांखाली, ज्वारीच्या कणगीवर, देवघरात फळे पसरली. दिवाळसणाला आलेल्या जावयाला कोणी बोलत नाही. त्यामुळे ज्यांना माझा राग येई, ते मला सीताफळ देत. मी खात होतो. शेजारी पहिल्यांदा पाटी भरून घेऊन गेले, दुसऱ्यांदा “कशाला, कशाला” म्हणाले, तिसऱ्यांदा सासूबाई पाटी घेऊन येताना दिसल्या की कडी लावू लागले. अंगणात काळ्या बिया एवढ्या झाल्या, की चालताना पाय घसरे.

फक्त सरू बोलली. “हात खिशात ठिवायला काय झालतं? मला न्यायचं हाय का न्हाई तुमाला?”

“न्यायचे आहे.”

“मंग आता कायबी करू नका. निस्तं बसा.”

मी बसलो. तिने कासमभाईंना निरोप धाडला. ते आले तेव्हा ती वडिलांच्या मागे उभी राहून म्हणाली, “चाचा, कडक हायेत तवर निम्मी आष्टीच्या बाजाराला न्या. पाव्हणं नवीन होतं, ते तुमालाबी कळलंतंच की!”

“कळलंतं, बेटी,” कासमभाई कबूल झाले. “पर इतक्या प्रेमानं हात कुनी धरला नव्हता गं!” त्यांनी निम्मी नेली. उरलेली आम्ही खाल्ली. त्याविषयी जास्त लिहीत नाही.

निघायच्या दिवशी मामांनी मला ओट्यावर बसवले. आत बांगड्यांची हालचाल थांबली.

“जावईबापू, मी लई इचार केला. सरूला घिऊन जा.”

माझा विश्वास बसेना. “म्हणजे मी... तुमच्या मनास आलो?”

“छ्या! तुमाला बाजार जमला असता, तर पोरगी अजून वरीसभर ठिवून घेतली असती. तुमचं एकट्याचं भागलं असतं.” त्यांनी सुस्कारा सोडला. “पर तुमाला असं मोकळं सोडनं बरं न्हाई.”

अशा रीतीने माझा संसार सुरू झाला. नगरात आम्ही दोघे बाजाराला जातो. भाजी ती निवडते. मी दोन्ही हातांत पिशव्या धरतो. रिकाम्या असल्या तरी धरतो. एकदा एक पिशवी ती भरून घेत होती, म्हणून माझा उजवा हात क्षणभर मोकळा राहिला. नेमके समोरून आमचे संपादक आले. “नमस्कार, नमस्कार!” म्हणत त्यांनी हात पुढे केला.

मी सरूकडे पाहिले. तिने माझ्या हातात भोपळा दिला.