गिटारचा ब्रिज, नाना सुतार आणि माझा शहाणपणा

मंडळी, आज डोकं फिरलंय आणि ओरडायला समोर कोणी नाही.

माझ्या इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती पट्टी, स्प्रिंगांवर तरंगतो. एक तार तुटली की उरलेल्या पाचही बेसूर. मागे पारोळ्याला एका हळदीत भर मांडवात तेच झालं. म्हणून ठरवलं, मागच्या खाचेत दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पाचरी बसवून ब्रिज कायमचा जाम करायचा.

सकाळी धरणगावच्या नाना सुतारांकडे गेलो. त्यांना अडचण नको म्हणून सगळ्या तारा घरीच काढून ठेवल्या होत्या.

माप घेण्याआधी नानांनी विचारलं, "भाऊ, हाई आसंच ऱ्हास ना?"

"हो नाना, असंच. फक्त अजिबात हलायला नको."

नानांनी सागाच्या पाचरी इतक्या नेमक्या बसवल्या की मध्ये कागद जाईना. वर पक्का गोंदही लावला.

दुपारी तारा चढवल्या तेव्हा माझी ट्यूब पेटली. तारा नसल्या की स्प्रिंगा ब्रिजला मागे ओढून खाली बसवतात; तारांच्या ताणानेच तो वर उचलला जातो. माप त्याच खाली बसलेल्या ब्रिजचं घेतलं गेलं! आता प्रत्येक तार खाली घासते आणि नुसती खरखर येते. उद्या लग्नात वाजवायचंय!

तणतणत नानांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "मी तुले इचारं व्हतं ना, भाऊ."

सुकलेला गोंद कसा सोडवायचा, कोणाला माहीत आहे का? फक्त "आधी विचारायचं ना" असं लिहू नका. ज्याने विचारलं, त्यालाच मी छातीठोकपणे चुकीचं सांगितलंय.