भोकाभोकांचं भांडं

सेतो गावात हिबिनो घराणं म्हणजे कुंभार, हे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून तर तोकुजिरो हिबिनोची भट्टी बंद पडून त्याची लेक चिझुरू कारखान्यात लागली, तेव्हा म्हाताऱ्याने तोंडच फिरवलं. तिथे डिझेल गाड्यांचा धूर गाळायला मातीचे ठोकळे भाजतात. आरपार बारीक नळ्या, मधाच्या पोळ्यासारख्या, आणि आत प्लॅटिनमचा लेप. अडकलेली काजळी त्या लेपामुळे तिथेच जळून जाते.

"ज्यात घोटभर चहा राहत नाही, ते भांडं कसलं?" तोकुजिरो म्हणाला.

चिझुरूला हे फार लागलं. बापानं एकदा तरी याला कुंभारकाम म्हणावं, एवढीच तिची आस.

आणि चिझुरूबाईंनी पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली. लेप दिलेला ठोकळा भट्टीत जाण्याआधी ती ओल्या स्पंजनं त्याचं बूड पुसायची. कुंभाराच्या पोरीचा हात तो. झिलईच्या वाडग्याचं बूड पुसलं नाही, तर वाडगा भट्टीतल्या फळीला चिकटून बसतो. इथे मात्र पुसता पुसता लेप नळ्यांच्या तोंडात दडपला गेला आणि अख्खी खेप बाद झाली. हे कुणी केलं, असं मुकादम सुझुमुरांनी विचारताच तिनं सरळ कबूल केलं. उगाच सबबी सांगायची सवय त्या घरात नाहीच.

"बूड पुसलंस?" रात्री जेवताना तोकुजिरोनं हातातल्या काड्या खाली ठेवल्या. "ते मी शिकवलंय. माफी मीच मागणार."

दुसऱ्या दिवशी मिठाईचा डबा घेऊन म्हातारा कारखान्याच्या फाटकात कमरेत वाकून उभा. सुझुमुरांना हसू आवरेना.

"काका, मीही कुंभाराचाच. मीसुद्धा पुसलं होतं. या, लेकीचं काम तरी बघा."

अंगणात चाचणीचा जुना ट्रक धडधडत होता. त्याच्या धुराड्यात चिझुरूनं नंतर नीट केलेला ठोकळा बसवला होता. तोकुजिरोनं डोक्याचा पांढरा पंचा सोडून धुराड्याच्या तोंडाशी धरला. बराच वेळ धरला. मग उलटसुलट करून पाहिला. डाग म्हणून नव्हता.

मग त्यानं फळीवरचा लेकीचा एक तयार ठोकळा उचलला, बोटानं वाजवून ऐकला, उलटा केला आणि बुडावरून अंगठा फिरवला. कपाळाला आठ्या पडल्या.

"चिझुरू, इकडे ये."

पुन्हा काय चुकलं, या धास्तीनं ती पुढे झाली.

"इथे नाव का नाही कोरलंस? आपल्या घरचा माल निनावी कधी बाहेर पडलाय?"