साडेसहाची फेरी आणि भाट्याचा समुद्र

अण्णांनी चालणं सोडलं म्हणून आम्ही समुद्रावर गेलो. आमच्या सगळ्या सहलींची कारणं एरवी लग्न, बारसं नाहीतर देवदर्शन अशी असतात. ही पहिली सहल, जी एका डॉक्टरच्या वैतागातून निघाली.

अण्णा म्हणजे माझे वडील. रेल्वेत, होटगी जंक्शनवर पॉइंट्समन होते, म्हणजे गाड्यांसाठी रूळ बदलायचं काम. नोकरीतून सुटले, पण घड्याळातून सुटले नाहीत. नोकरीत होते तेव्हापासून सकाळी साडेसहाला सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या बागेत हजर. सहा एकतीसला पोचले तर दिवसभर चेहरा पाडून बसायचे. सोबत आई असायची, पण सोबत म्हणजे फक्त फाटकापर्यंत. बागेत गोल ट्रॅक आहे. अण्णांची चाल एक्सप्रेसची आणि आईची निवांत, त्यात वाटेत भेटेल त्या बाईशी तिचं बोलणं. दोघांचं जमेना. मग आईनंच तोडगा काढला, तुम्ही इकडून फिरा, मी तिकडून फिरते. सगळी बाग एका दिशेनं फिरायची आणि आमची आई तेवढी उलट्या दिशेनं. लोक हसायचे. फेरीत कुठंतरी, बहुतेक कडुलिंबाच्या झाडापाशी, दोघं समोरासमोर यायचे. अण्णा मनगट वर करून घड्याळ बघायचे आणि न थांबता म्हणायचे, "दोन मिनटं उशीर."

"मालगाडीला टाइम टेबल नसतंय," आई म्हणायची. तीही थांबायची नाही.

हा संवाद मी लहानपणी शेकडो वेळा ऐकलाय. सुट्टीत मलाही ओढून न्यायचे. मी कधी एकाच्या मागं, कधी दुसऱ्याच्या मागं पळायचे, आणि जिच्या मागं पळावं ती आईच बरी वाटायची, कारण ती मधेच कुणाच्या तरी पिशवीतले शेंगदाणे मिळवून द्यायची.

मागच्या पावसाळ्यात आई गेली. अण्णा तेराव्यानंतर दोन दिवस बागेत गेले, तिसऱ्या दिवशी बूट कपाटात ठेवले ते ठेवलेच. मला वाटलं, लोक विचारत असतील, एकटेच का, म्हणून नको वाटत असेल. मी जुळे सोलापुरात राहते, तिथल्या मैदानावर नेऊन बघितलं. गाडीतून उतरलेच नाहीत. साखर वाढत गेली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आजोबा, पुढच्या महिन्यापर्यंत चालायला लागला नाहीत तर इन्सुलिन सुरू." अण्णांनी मान डोलावली आणि घरी येऊन खुर्चीत बसले. मला फार भीती वाटली. आई अशीच बसल्या बसल्या गेली होती.

मी ऑफिसात बारा दिवसांची रजा टाकली, मुलं नवऱ्यावर सोपवली आणि रत्नागिरीजवळच्या भाट्याला दोन खोल्या ठरवल्या. भाट्याचा किनारा चालायला चांगला आहे, एवढंच ऐकलं होतं. अण्णांना सांगितलं, समुद्र बघायला जायचं. त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. "खारं पानी बगून काय करायचं?" म्हणाले, पण बॅग भरली. बूट मी भरले.

जाणार असाल तर रस्ता सोपा आहे. सोलापूरहून पहाटे निघायचं, मंगळवेढा, सांगोला, मिरज करत दुपारच्या जेवणाला कोल्हापूर गाठायचं. हायवे गुळगुळीत आहे, टोलसाठी फास्टॅग भरून ठेवा. कोल्हापूरनंतर मलकापूर आणि मग आंबा घाट. घाट दिवसाउजेडीच उतरा, वळणं बरीच आहेत आणि काही ठिकाणी रस्त्याचं काम चालू होतं. अण्णा सांगोल्यापर्यंत ज्वारीची कणसं बघून खूश होते. घाटात गप्प झाले. पालीच्या पुढं हवा दमट झाली तशी त्यांनी काच खाली घेतली आणि म्हणाले, "हितं वाळत कसं घालत्यात कापडं?"

थांबत थांबत गेलो म्हणून अकरा तास लागले. खोली दिवसाला बाराशे, जेवण वेगळं. घरमालकीण शुभाकाकू साठीच्या, कोकणातल्या घरांत असते तशी चकचकीत सारवलेली पडवी, मागं दहा-बारा माड आणि पुढं रस्ता ओलांडला की सुरूचं बन, त्यापलीकडं समुद्र. आम्ही त्यांच्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती. कडक भाकरी आमच्याकडं महिनोन्महिने टिकते, पापडासारखी मोडते. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी डबा उघडला तर भाकरीची घडी घालता येत होती.

"अशी कशी झाली ही?" अण्णांना अपमानच वाटला.

"अहो, इथे सकाळी तळलेला पापड दुपारी मान टाकतो," काकू म्हणाल्या. "चटणी मात्र झकास आहे हो. ती काही मी परत देत नाही."

आम्ही पोचलो तो पौर्णिमेचा दिवस होता, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांचे बूट दारात ठेवले आणि काही न बोलता पुढं चालू लागले. मागून पावलं ऐकू आली तेव्हा मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही. सुरूच्या बनातून बाहेर आलो आणि अण्णा थांबले. ओहोटी होती. समोर ओल्या, कडक वाळूचा हा एवढा रुंद पट्टा, दोन्हीकडं लांबच्या लांब सरळ गेलेला. पाणी पार तिकडं.

अण्णांनी घड्याळ बघितलं. साडेसहा. आणि ते चालायला लागले. मी त्यांच्या मागं रडत रडत चालत होते, आणि बरं झालं की मागं होते.

किनाऱ्याच्या एका टोकाला खडक आणि टेकडी, दुसऱ्या टोकाला खाडीचं तोंड. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत, पाऊण तास आरामात जातो. बूट घालूनच चाला, पण जुने. वाळू कडक असली तरी ओल लागते. परत येताना टपरीवर चहा, आणि काकूंकडं घावन आणि नारळाची चटणी. दुपारी रत्नागिरीत जाऊन दीपगृह बघितलं, मांडवीच्या जेटीवर बसलो. मासे मी भरपूर खाल्ले. अण्णा मटणाचे भक्त, पण सुरमईला हात लावेनात. "काटं काढत बसायचं म्हंजी जेवायचं कदी?" असं म्हणून आमटीभातावर राहिले.

चार दिवस अण्णा रोज साडेसहाला किनाऱ्यावर. पाचव्या दिवशी म्हणाले, "पट्टा बारीक झालाय." मी लक्ष दिलं नाही. सातव्या दिवशी म्हणाले, "काल हितनं चाललो होतो, आज हितं पानी हाय. वर चढाया लागलाय समुद्र. त्या काकूंना सांगाया पायजे, त्येंचं घर जवळ हाय." मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर मलाही नीट कळत नव्हतं. सोलापूरच्या माणसाला भरती-ओहोटी पुस्तकातून माहीत असते. ती आपल्या फेरीच्या वेळेवर येऊन बसेल असं कोण धरून चालतं?

आठव्या दिवशी साडेसहाला बनातून बाहेर आलो तर चालायला जागाच नव्हती. लाटा बनाच्या दिशेनं वर आलेल्या, कडक वाळू सगळी पाण्याखाली आणि उरलेली वाळू अशी भुसभुशीत, की पाऊल घोट्यापर्यंत रुतत होतं. अण्णांनी दहा पावलं टाकून बघितली. गुडघा धरून मागं आले. त्यांचा चेहरा खुर्चीतल्या अण्णांसारखा व्हायला लागला होता. आम्ही एका आडव्या पडलेल्या सुरूच्या खोडावर बसलो.

"घरी गेल्यावर चालाल ना, अण्णा?" मी विचारलं. ही वेळ नव्हती, पण माझ्या तोंडून निघून गेलं.

"न्हाय."

"लोक विचारतात म्हणून?"

"लोकांचं काय. तितं गोल हाय गं. लिंबाजवळ वळन येतं. वळन आलं की नजर आपसूक समोर जाती. ती यायची वेळ झाल्याली असती आन् ती येत न्हाय. प्रत्येक फेरीला. दोन दिवस बगितलं, सोसंना. हितं सरळ हाय. हितं समोरनं कुनी यायचं नसतं."

सात-आठ महिने मी या माणसाला आळशी म्हणत होते. हट्टी म्हणत होते. एकदा तर फोनवर ओरडलेही होते. मला माझीच लाज वाटली. मी त्यांचा हात धरला, त्यांनी तो थोडा वेळ धरू दिला आणि मग सोडवून घेऊन बुटातली वाळू झटकली.

परत आल्यावर काकूंना समुद्र वर आल्याचं सांगितलं, तर त्या पोळ्या लाटता लाटता हसायला लागल्या. त्यांच्या यजमानांची होडी होती एके काळी.

"वर कुठला येतोय! आज अष्टमी नाही का? तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, संध्याकाळी सहाला भरती. रोज पाऊण तास पुढे सरकते ती. तुम्ही पौर्णिमेला आलात तेव्हा सकाळची ओहोटी तुम्हाला आयती सापडली."

"म्हंजी रोजची वेळ बदलायची?" अण्णांना हे पटण्यासारखं नव्हतं.

"समुद्र थोडाच तुमच्यासाठी बदलणार आहे? आज दुपारी बारापर्यंत पाणी पार आत जाईल. पण उन्हाचे जाऊ नका. नऊ-साडेनऊला जा, पट्टा मोकळा झालेला असेल."

आमच्याकडं तिथी आईच्या हवाली होती. रोज सकाळी चहा करताना ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून म्हणायची, आज चतुर्थी, आज एकादशी. अण्णा कधी ऐकायचे नाहीत. त्यांना तारीख आणि वेळ एवढंच लागायचं. त्या दिवशी ते काकूंच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरसमोर चष्मा लावून उभे राहिले, बोटानं चौकोन मोजले, आणि मला म्हणाले, "उद्या नवमी. पावनेसात. उद्या दहाला निघायचं." मग म्हणाले, "तुज्या आईला हे लई सोपं गेलं असतं."

शेवटचे दोन दिवस आम्ही दहाला चाललो, डोक्याला टॉवेल गुंडाळून. अण्णांनी वेळेवरून एकदाही कुरकुर केली नाही. निघताना काकूंनी कोकम आणि फणसाचे तळलेले गरे दिले आणि कडक भाकरीचा डबा रिकामा परत केला. भाकरी त्यांनी आमटीत कुस्करून खाल्ली म्हणे.

सोलापुरात आलो तेव्हा संध्याकाळ होती आणि मोकळी, कोरडी हवा नाकाला ओळखीची वाटली. अण्णांना त्यांच्या घरी सोडलं. "उद्या बागेत?" मी विचारलं. ते बॅग उचलून आत गेले. दुसऱ्या दिवशी फोन केला, घरीच होते. तिसऱ्या दिवशीही. मुलांची शाळा, माझं ऑफिस, धुण्याचा ढीग. मला वाटलं, संपलं, दहा दिवस चालले तेवढंच.

रविवारी सकाळी भाजीचा डबा घेऊन गेले तर घराला कुलूप. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बागेकडं गेलेत की. तीन दिवस झालं जात्यात."

मी डबा त्यांच्याकडं ठेवून धावतच बाग गाठली. फाटकातून शिरून लोकांच्या ओघात मिसळले आणि भराभर चालत पुढची डोकी बघत निघाले. अण्णा पुढं कुठंच नव्हते. कडुलिंबाच्या वळणावर आले आणि ते समोरून आले. सगळ्या बागेच्या उलट्या दिशेनं, सावकाश, एका बाईशी बोलत बोलत. मला बघून त्या बाई पुढं झाल्या.

"अण्णा, तुम्ही या बाजूनं?"

"तिच्या बाजूनं फिरतोय." त्यांनी कपाळ पुसलं. "आपल्या बाजूनं गेलो की ती येत न्हाय. तिच्या बाजूनं गेलो की समोरनं मी यायला पायजे. मी येत न्हाय, म्हंजी मी लेट हाय. होटगीला एवढी वर्षं कदी लेट झालो न्हाय, आता हाय. पन चालतंय बग. सोसतंय."

मी त्यांच्याबरोबर चालायला वळले.

"वळू नगंस," अण्णा म्हणाले. "तू तशीच जा. पुन्हा गाठ पडंल की."

मी तशीच गेले. लोकांना मागं टाकत, अण्णांच्या जुन्या चालीनं. पुढच्या गाठीला ते लिंबाजवळ दिसले तेव्हा मी मनगट वर केलं.

"दोन मिनिटं उशीर."

"मालगाडीला टाइम टेबल नसतंय," अण्णा म्हणाले, आणि न थांबता पुढं गेले.