दरीपुढचा फोटो

माझं लग्न जमवणाऱ्या फोटोत माझा चेहरा नाही.

जव्हार संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. मला मोखाड्याच्या एका मास्तरांचं स्थळ आलं. त्यांच्या आईचे गुडघे धरलेले, म्हणून त्यांनी आधी फोटो मागितला. इकडे आत्याने डहाणूकडचा एक बिजवर तयार ठेवला होता. (त्याला दात कमी आणि मुलं जास्त.) तेव्हा फोटो चांगला येणं मला भाग होतं.

नाशिकचा एक फोटोवाला बाजारात उतरला होता. बाबा त्याला थेट गावाबाहेरच्या कड्यावर घेऊन गेले. ऊन उतरत होतं. दरीत चुलींचा धूर निळा होऊन तरंगत होता, डोंगर एकामागे एक विरघळत होते. सगळा मुलूख पेंगतोय असं वाटत होतं. मला कड्याशी उभं केलं. सूर्य पाठीशी.

"सूर्य मागे असला की तोंड काळं येतं," फोटोवाला म्हणाला.

"ती आहेच सावळी," बाबा म्हणाले. "पण दरी आली पाहिजे. जव्हारची मुलगी आहे, हे कळायला नको?"

"मग तोंडावर दिवा पाडावा लागेल."

"एवढ्या उन्हात दिवा?" आत्या म्हणाली. "नाशकात तेल फुकट मिळतं वाटतं."

त्याने पत्र्याच्या वाटीत काचेचा गोळा बसवला. एक गोळा एकदाच पेटायचा, आणि त्याच्याकडे दोनच उरले होते. कॅमेऱ्यावर वाकून तो म्हणाला, "हलायचं नाही. आता दिवा लागेल."

आमच्या घरी संध्याकाळी दिवा लागला की हातातलं टाकून हात जोडायचे, डोळे मिटायचे. धपाटे खाऊन लागलेली सवय ती. मी हात जोडले, मान खाली घातली. फटकन उजेड पडला. डोळे उघडून बघते तर बाबा आणि आत्याही हात जोडून उभे! वाटेने चाललेल्या एका बाईनेही डोक्यावरची मोळी उतरवून नमस्कार केला आणि मला विचारलं, "कोनचा देव हाय गो?"

"ताई, नमस्कार कशाला केलात?" फोटोवाल्याने कपाळ धरलं.

"दिवा लागला ना," मी म्हटलं.

दुसऱ्या गोळ्याच्या वेळी बाबांनी माझ्यामागे दडून माझी मनगटं धरली. आत्या म्हणाली, "डोळे उघडे ठेव." मी उघडले. भीतीने तोंडही उघडलं.

फोटो आले. दुसऱ्यात मी बाजारात पकडलेली चोरटी, मागून कुणीतरी धरलेली. पहिल्यात दरी स्वप्नातल्यासारखी, केसांना उजेडाची झालर, आणि दिव्याचा सगळा झोत नेमका माझ्या भांगावर. खाली चेहऱ्याच्या जागी अंधार.

"पहिलाच पाठवू," बाबा म्हणाले. "त्यात निदान गुन्हा दिसत नाही."

आत्या बिजवराला निरोप धाडायला निघाली होती, तेवढ्यात मास्तर स्वतःच दारात. म्हणाले, "आई म्हणते, भांग सरळ आहे, घर नीट ठेवील. चेहरा तेवढा तू बघून ये."

त्यांनी बघितला, चहा प्यायले आणि होकार देऊन गेले.

मोखाड्याच्या घरात त्यांनी तोच फोटो भिंतीवर लावला. पाहुणे विचारायचे, "ही हात जोडलेली शांत बाई कोण?"

"आमची मंडळी," मास्तर सांगायचे. "बोलायला लागण्याआधीची."