अतिथीचं पान

त्या दिवशी देवाने आईचा जीव राखला की माझी लाज, हे मला अजून उमगलेलं नाही. घरातही कुणाला बोललो नव्हतो. आता सांगून टाकतो.

रेशनचे दिवस होते. ठाण्यातल्या आमच्या भजनी मंडळाचं आवळीभोजन दर कार्तिकात येऊरच्या डोंगरात व्हायचं. तळ्याकाठच्या बागेतून रानात शिरायचं आणि वर आवळीखाली चूल मांडायची. वाट दाखवायला नाना, मंडळातले वडीलधारे. झाडापाशी थांबून ते नाव विचारत, चुकलं की टोमणा ठरलेला, "आवळा खाता, झाड ओळखता येत नाही!"

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती चालायची. खांदा अवघडायचा आणि, खरं सांगायचं तर, मनही. तळ्यापाशी तिला दम लागला. "इथंच बस. मागून भांड्यांची बैलगाडी येतेय, तीत बसून ये," म्हटलं आणि मंडळींबरोबर पुढे निघालो. गाडीवानाला निरोप द्यायचा मात्र राहिला. चढताना खांदा मोकळा होता. इतकं बरं वाटलं, की नानांच्या एका विनोदावर मी खदखदून हसलो. ते हसू मला पुढे कितीतरी वर्षं बोचत राहिलं.

वर पोचल्यावर पानं मांडायचं काम माझ्याकडे आलं. माणसागणिक एक पान, आणि वर एक अतिथीचं, वाट चुकून कुणी आलंच तर त्याच्यासाठी. ही आमची रीत. तोवर गाडी आली होती. आई बायकांत बसली असेल असं मी धरून चाललो. वाढणं झालं, सगळे बसले. एक पान रिकामं राहिलं. ते बघून नाना म्हणाले, "वा! यंदा अतिथीचं पान आठवणीने मांडलंस हो. गेल्या साली विसरला होतास."

ओंजळीतलं पाणी तसंच गळून गेलं. अतिथीचं पान मी यंदाही मांडलंच नव्हतं. मग हे कुणाचं?

"नाना, आई!" एवढंच तोंडून फुटलं. अनवाणीच उतारावरून धावत सुटलो. देवाला म्हटलं, माझ्याच्याने नाही झालं रे सांभाळणं, आता तूच सांभाळ.

वळणावर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई वर येताना दिसली. तिच्या खांद्यावर आईचा हात होता.

"तुमची का म्हातारी? पान्यात उतरत व्हती. वर धूर दिसला, म्हनलं तिकडंच असतील हिची मानसं."

"गाडीचा आवाज आला म्हणून उठले, तर पुढे पाणीच," आई म्हणाली. मग माझा हात चाचपत विचारलं, "माझ्यासाठी ताटकळलास ना रे? जेवून घ्यायचंस."

मी दोघींना घेऊन वर आलो.

आई तिच्या पानावर बसली. त्या बाईला मी माझ्या पानावर बसवलं. ती संकोचली तशी आई म्हणाली, "बस गं. त्याला वाढू दे, जरा वाकू दे!" सगळे हसले. मी वाढत राहिलो, आणि डोळे धुराने पाणावलेत असंच सगळ्यांना वाटलं.

ती बाई नेमकी त्या वेळी तळ्याशी कशी आली, हे मी कधी शोधत बसलो नाही. आली, एवढं पुरे. उतरताना आईचा हात पुन्हा माझ्या खांद्यावर होता.

"दुखतो का रे खांदा?"

"दुखतो," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच खरं सांगितलं. "पण राहू दे."